तक्ता क्रमांक सात

४ ऑगस्ट १९९१, रविवार

पारोळ्याच्या स्टँडवर एस.टी.चं चाक बदलतायत, तोवर लिहून घेतो.

आज छत्तिसाव्या वर्षी पुन्हा बाकावर बसलो. धुळ्याच्या कॉलेजात आम्ही सतरा जण आहोत. वीज मंडळाचे चार, साखर कारखान्याचे तीन, बाकी पाटबंधारे आणि टेलिफोनवाले. सगळे नोकरदार, निम्म्यांच्या डोक्यावर पांढरे केस. अभियांत्रिकी व्यवस्थापनाची पदव्युत्तर पदवी, शनिवार दुपार आणि रविवार, अशी तीन वर्षं. शनिवारी अर्धा दिवस सुट्टी आणि निम्मी फी कंपनी देणार आहे.

लताने विचारलं, "अहो, हे कशासाठी?" तिला जे सांगितलं तेच इथे लिहितो. व्यवस्थापन ही मालकाच्या घरची पूजा नव्हे, की कामगाराने उंबऱ्याबाहेर हात जोडून उभं राहावं. मी आयटीआय करून पंपांच्या कारखान्यात साचेकामाला, म्हणजे ओतकामासाठी वाळूचे साचे करायला लागलो. चुडामणनानाच्या हाताखाली वाळू ठोकायला शिकलो. नोकरी करता करता बाहेरून परीक्षा देऊन इंजिनिअर झालो. आता हे शेवटचं दारही उघडायचं. कामगाराला कसं नाचवायचं याचं शास्त्र त्यांनी लिहिलं आहे. ते शास्त्र एकदा आपल्या माणसाच्या हातात आलं, की नाचणारा कोण आणि नाचवणारा कोण ते पाहू.

लता म्हणाली, "शनिवारी दळण कोण आणणार, ते सांगा."

१ सप्टेंबर १९९१

प्रा. हिलाल बोरसे यांचा तास. विषय: कार्यमापन, म्हणजे घड्याळ लावून काम मोजणं. मी उठून उभा राहिलो आणि वीस मिनिटं बोललो. माणसाच्या घामाला सेकंदात तोडण्याची ही विद्या कुठे जन्मली, तिने कुणाची घरं भरली, हे सगळं सांगितलं. वर्गाने बाकं वाजवली. बोरसे सर शांतपणे हातावरचा खडू पुसत होते.

"उत्तम बोलता," ते म्हणाले. "आता मोजायलाही शिका. बोलणाऱ्याला मोजता येत नाही, असा माझा अनुभव आहे."

अपमान वाटला. मोजून दाखवीन.

११ जुलै १९९३

तिसरं वर्ष. बऱ्याच महिन्यांनी वही उघडली. या दोन वर्षांत शनिवार-रविवार माझे राहिलेले नाहीत. मुलीचं गॅदरिंग चुकलं, सासऱ्यांच्या दहाव्यालाही पोचलो नाही.

प्रबंधाचा विषय हवा होता. वर्क्स मॅनेजर वैद्यसाहेबांनी केबिनमध्ये बोलावून चहा दिला. "सुकदेवराव, आपलाच साचेकाम विभाग घ्या ना! तिथे एकतीस माणसं आहेत. रोज दीडशे साचे निघतात. जास्त का निघत नाहीत, ते शोधून काढा. पदवी हातात आली की नियोजन विभाग तुमचाच."

जास्त का निघत नाहीत, ते मला आजच ठाऊक आहे! वाळू वेळेवर येत नाही, वीज जाते, ड्रॉइंग चुकतात. कामगार चोख आहे आणि व्यवस्था गलथान आहे. हे मी त्यांच्याच शास्त्राने, त्यांच्याच घड्याळाने सिद्ध करीन. असा प्रबंध या भागात कुणी लिहिला नसेल.

१७ जुलै १९९३

आज धुळ्याला गेलो नाही. शिफ्ट सुटल्यावर गेटसभा घेतली, कारण युनियनचे अध्यक्ष निंबाभाऊ अडून बसले होते.

"सुकदेवभाऊ, घड्याळ कोनं शे? कंपनीनं ना?" त्यांनी सगळ्यांसमोर विचारलं. "तेरा वरीसमा या गेटना आत घड्याळवाला इऊ दिधा नही. आते आपलाच मानूस घड्याळ लिसन उना."

मी बाकावर चढलो. पाऊण तास बोललो असेन. घड्याळ हे हत्यार आहे आणि हत्याराला जात नसते, ज्याच्या मुठीत त्याचं ते, असं म्हणालो. तुमचं एकेक मिनिट मी मोजणार आहे ते तुमच्यावर आरोप ठेवण्यासाठी नव्हे, तर तुमचं वाया जाणारं एकेक मिनिट ज्यांनी चोरलं त्यांची नावं लिहिण्यासाठी, असंही म्हणालो. शेवटी विचारलं, "माझ्यावर विश्वास आहे की नाही?" एकतीस हात वर झाले. निंबाभाऊंनी हात वर केला नाही, पण विरोधही केला नाही. बिडी पेटवली आणि गेले.

चुडामणनाना मागे थांबला होता. बत्तीस वर्षं साचेकाम केलेला माणूस. बोटांची टोकं वाळूने गुळगुळीत झालेली. म्हणाला, "भाऊ, तू सांगं ते बठ्ठं माले समजनं नही. पन तुनी परीक्षा शे, इतलं समजनं. तू फक्त घड्याळ देख. बाकीनं आम्ही देखी लेसूत."

एवढ्या साध्या शब्दांत सहकार्य! माझे डोळे भरून आले.

२६ जुलै १९९३

मापनाचा पहिला दिवस. सकाळी नऊ ते अकरा, असं आठ दिवस मोजायचं ठरलं आहे. अकरा वर्षांनी या विभागात एवढा वेळ उभा राहिलो. मधली सगळी वर्षं ड्रॉइंग ऑफिसात गेली.

काय काम करतात माझी माणसं! लाकडी नमुना ठेवला, वाळू भरली, ठोकली, नमुना उचलला, पेटी मिटली. एक पेटी खाली जाते न जाते तोच दुसरी वर. नानाच्या शेजारी त्याचा जावई भटू होता. आठ वर्षांपूर्वी चोपड्याकडून आलेला हा पोरगा सासऱ्याच्या तोडीस तोड चालत होता. दोन तासांत एकही माणूस बिडीला उठला नाही. मी हे ठळक अक्षरात लिहून ठेवलं आहे.

वाळू चाळणारी भागाबाई तेवढी बोलली. "काय भाऊ, आमनी चाळनीबी मोजस का? मोज, मोज. घरमा तं कोनी मोजत नही!" सगळे हसले, पण हात कुणाचे थांबले नाहीत.

५ ऑगस्ट १९९३

मध्ये एक दिवस वीज नव्हती, तरी आठही दिवस भरले. काही टिपणं.

पिण्याच्या पाण्याचा माठ अकरा वाजता भरलेलाच असतो. भटूला दोनदा ठसका लागला, भिंतीकडे तोंड करून खोकला आणि परत कामाला लागला. छाती जरा नाजूक दिसते. वाळूच्या धुळीबद्दल प्रबंधात एक परिच्छेद घालावा.

आज अकराला मी घड्याळ बंद करून वही मिटली, तर सगळेच्या सगळे एकदम मटकन खाली बसले. जेवणाची सुट्टी जवळ आली असावी. दारातून मागे वळून पाहिलं तर नाना भटूच्या पाठीवरून हात फिरवत होता. कुठल्या व्यवस्थापनाच्या पुस्तकात असलं दृश्य आहे?

८ ऑगस्ट १९९३

बोरसे सरांनी आकडे पाहिले. माझ्या मापाप्रमाणे एकतीस माणसांनी रोज दोनशे बत्तीस साचे काढायला हवेत. प्रत्यक्षात निघतात दीडशे. म्हणजे ब्याऐंशी साचे रोज व्यवस्थापनाच्या गलथानपणात बुडतात! हाच माझा तक्ता क्रमांक सात. प्रबंधाचं काळीज.

सरांनी चष्मा वर केला. "वेग किती टक्के धरला? माणूस नेहमीसारखं काम करत होता, की जास्त जोरात, की मुद्दाम हळू?"

"शंभर टक्के. नेहमीसारखं."

"घड्याळ पाहिलं की कामगार हळू होतो. जगभर."

"सर, ते परक्याच्या घड्याळाला. मी त्यांचा आहे."

त्यांनी माझी आकड्यांची वही मिटली. "तुम्ही त्यांना विचारलं का?"

मी म्हणालो, विश्वास विचारायचा नसतो. हे वाक्य चांगलं जमलं. प्रस्तावनेत वापरेन.

७ नोव्हेंबर १९९३

प्रबंध टाइप झाला. एकशे छत्तीस पानं. निष्कर्षाचं प्रकरण लताला वाचून दाखवलं. ती भाकरी थापत ऐकत होती.

"म्हणजे एवढ्या माणसांत जास्त साचे निघू शकतात, असंच ना?" तिने विचारलं.

"हो. व्यवस्था सुधारली तर."

"आणि जास्त साचे त्यांना नको असले तर?"

"कुणाला?"

"कंपनीला. पंप खपत नाहीयेत म्हणून मागच्या महिन्यात तुम्हीच सांगत होतात."

प्राथमिक शाळेची शिक्षिका, तिला या विषयाचं अंग नाही. तरी तिचा प्रश्न डोक्यातून जात नाही. वैद्यसाहेबांनी परवा एक प्रत ठेवून घेतली आहे. सगळं वाचायला वेळ नाही म्हणाले. फक्त सातवा तक्ता स्वतः उतरवून घेतला.

१ डिसेंबर १९९३

सकाळी नोटीस बोर्डावर कागद लागला. साचेकाम विभागात अकरा माणसं जादा आहेत, एक महिन्याची मुदत देऊन कमी करण्यात येत आहेत. सेवेत शेवटी आलेले आधी, या नियमाने नावं. चौथं नाव भटूचं. कागदाच्या तळाशी आधार दिलेला आहे: शास्त्रीय कार्यमापन, तक्ता क्रमांक सात.

दोनशे बत्तीसला एकतीस माणसं, तर दीडशेला किती? वीस. चौथीतलं गणित. एकशे छत्तीस पानं लिहिणाऱ्याला हे त्रैराशिक सुचलं नाही.

वैद्यसाहेबांकडे तडक गेलो. मी टेबलावर हात आपटून बोलत होतो, ते ऐकत होते. संपल्यावर म्हणाले, "सुकदेवराव, मी तुमचा एकही आकडा बदललेला नाही."

निंबाभाऊ गेटवर उभे होते. मला वाट करून दिली. बोलले असते तर बरं झालं असतं.

२ डिसेंबर १९९३

आज सकाळी एरंडोल रस्त्यावरच्या नानाच्या घरी गेलो. तो कामावर निघायच्या तयारीत होता. अंगणात बसून दाढी करत होता. मी त्याला समजावू लागलो. आपण लढू, कोर्टात जाऊ, आकडे खरे असले तरी त्यांचा अर्थ चुकीचा लावला आहे...

"आकडा खरा नही शेतस, भाऊ," नाना म्हणाला. वस्तरा हातातच होता.

मला कळलं नाही.

"मीच सांगेल व्हतं बठ्ठास्ले. भाऊनी परीक्षा शे. दोन तास कोनी बिडीले उठानं नही, पानी पेवाले जावानं नही. आपला पोऱ्या शे, नापास व्हवाले नको. तू गया का मंग आम्ही बसी जाऊत. दुपारलोंग हात उचलायेत नही."

मी विचारलं, मग मला का सांगितलं नाही?

"तू इचारं कव्हय? तू तं सांगत व्हता."

आतून शेवंताबाई आली. नानाची बायको. मला नेहमी चहा विचारणारी बाई. "तुनासाठे ह्यास्नी पानी नही पिधं. आते मना जावाई घर बसना. तू पास व्हयना ना? मंग जाय."

नाना तिच्यावर खेकसला. ती तशीच उभी राहिली.

स्टँडपर्यंत चालत आलो. जगात घड्याळ पाहून कामगार हळू होतो. माझे लोक जोरात झाले. पुस्तकांत हे नाही, म्हणून मला दिसलं नाही. माठ भरलेला होता, ते मीच लिहिलं आहे. पान उलटून पाहिलं. माझंच अक्षर आहे.

५ डिसेंबर १९९३

बोरसे सरांना सगळं सांगितलं. ते रागावले नाहीत, त्याचाच त्रास झाला.

"चूक दुरुस्त होते," ते म्हणाले. "वेग शंभर नव्हता, दीडशे होता, असं लिहा. मग तुमच्या तक्त्याप्रमाणे जवळजवळ दीडशेच साचे निघतात आणि एकतीस माणसं लागतात. प्रबंध परत घ्या, नव्याने मोजा. एक वर्ष जाईल."

"कंपनी फी थांबवेल. नियोजनाची जागाही जाईल."

"जाईल."

मी म्हणालो, चौदा तारखेला सरकारी कामगार अधिकाऱ्यापुढे सुनावणी आहे. तिथे नाना सांगेल, की त्या दिवसांत जास्त जोर लावला होता. त्याचा जबाब झाला की त्याच्या आधारे दुरुस्ती करतो.

"त्याच्या जबाबाची तुम्हाला काय गरज?" सरांनी विचारलं.

पुरावा हवा ना. शास्त्रात पुरावा लागतो. सरांना माझं म्हणणं पटलेलं दिसलं नाही.

१४ डिसेंबर १९९३

सुनावणी. जसं झालं तसं लिहितो.

खोलीत अधिकारी, वैद्यसाहेब, निंबाभाऊ, नाना आणि मी. निंबाभाऊंनी मांडलं, की मापनाच्या वेळी माणसं गरजेपेक्षा जोरात काम करत होती. अधिकाऱ्याने नानाला विचारलं, "हे खरं आहे का? रोज तुम्ही यापेक्षा हळू काम करता?"

नाना उभा राहिला. टोपी काढली, परत घातली. एकदा माझ्याकडे पाहिलं.

"नही साहेब. आम्ही रोज तसंच काम करतस."

"म्हणजे तक्त्यातले आकडे बरोबर?"

"भाऊनं लिखेल शे. बरोबरच ऱ्हाई."

निंबाभाऊंनी कपाळाला हात लावला. वैद्यसाहेब खिडकीबाहेर पाहत होते. मग अधिकाऱ्याने मला विचारलं, "मापन तुम्ही केलंत. तुमचं काय म्हणणं आहे? आकडे बरोबर आहेत का?"

मी म्हणालो, "प्रत्यक्ष काम करणाऱ्याने सांगितलंच आहे."

एवढंच. अधिकाऱ्याने ते लिहून घेतलं.

बाहेर आल्यावर मी नानाचा दंड धरला. असं का केलंस म्हणून ओरडलो. त्याने शांतपणे दंड सोडवून घेतला.

"मी काय सांगू, भाऊ? बत्तीस वरीस साचा करेल मानूस मी. सरकारना कागदवर लिखी देऊ, का मी रोज कामचोरी करस? नी तुना कागद खोटा म्हनू? तुनी डिग्री जाई ना."

"आणि भटू?"

"त्यानं दैव त्यानाजोडे."

निंबाभाऊ जाता जाता थांबले. "सुकदेवभाऊ, नाना अडानी शे, त्याले बोलता येत नही. तुले तं येस."

मी यावर खूप विचार केला. साक्षीदाराने दिलेल्या जबाबाविरुद्ध मी बोललो असतो, तर नाना खोटा ठरला असता. भर खोलीत त्याची लाज मी कशी घालवणार? माझं मौन हा त्याचा मान होता. असं मला वाटतं. लताला हे सांगितलं. ती ताट घासत होती, पाणी बंद करून ऐकलं आणि पुन्हा पाणी सोडलं.

१ जानेवारी १९९४

अकरा जण काल गेले. भटू बायकोला घेऊन चोपड्याला परत गेला. केळीच्या ट्रकांवर हमाली मिळेल म्हणतो. त्या छातीने.

गेटसभा झाली. मला बोलायला कुणी बोलावलं नाही. ऑफिसच्या खिडकीतून दिसत होतं. निंबाभाऊ बोलत होते, अडखळत, एकच वाक्य दोनदा. सगळे ऐकत होते.

३० जानेवारी १९९४

प्रबंध आहे तसा विद्यापीठात गेला. दुरुस्तीला आधार नव्हता. जबाब कागदावर आहे, आकडे त्याच्याशी जुळतात. बोरसे सरांनी सही केली. सही करताना म्हणाले, "तुम्ही आता चांगलं मोजता."

१७ एप्रिल १९९४, धुळे

तोंडी परीक्षा. बाहेरचे परीक्षक पुण्याकडचे, वयस्कर. त्यांनी नेमका तोच प्रश्न विचारला: कामगाराचा वेग सामान्य होता, हे कशावरून?

मी पंचवीस मिनिटं बोललो. विश्वास, सहभाग, श्रमाची प्रतिष्ठा. जीभ आपोआप चालते. ती माझी परवानगी घेत नाही. परीक्षक म्हणाले, "चाळीस वर्षांत एवढं कामगार-सहकार्य कुठे पाहिलं नाही. हे प्रकरण छापा." बोरसे सर मध्येच पाणी प्यायला उठून गेले.

पहिला वर्ग.

परतीच्या गाडीत शेजारी साखर कारखान्याचा सोबती होता. तो पेढे खात होता. मला म्हणाला, "अरे, तोंड का पाडलंस? पास झालास ना?"

१८ एप्रिल १९९४

सकाळी वैद्यसाहेबांनी हात मिळवला. नियोजन विभागाचं पत्र टाइप होतंय. टेबलाशी बसवेना. विभागात गेलो. नानाला पहिल्यांदा सांगायचं, असं तीन वर्षं मनात होतं.

वीस माणसं होती. कुणी वर पाहिलं नाही. आता रोज दीडशे साचे या विसांनी काढायचे असतात, आठही तास, त्या आठ सकाळच्या वेगाने. कमी पडले तर मेमो मिळतो. भागाबाई चाळत होती, माझ्याकडे पाठ करून. माठ कोपऱ्यात होता. त्याच्याकडे कुणी जात नव्हतं, आणि आज माझ्या हातात घड्याळ नव्हतं.

नाना खाली वाकून वाळू ठोकत होता. शेजारची जागा रिकामी होती. मी त्याच्यासमोर जाऊन उभा राहिलो.

"नाना, पास झालो. पहिल्या वर्गात."

त्याने नमुना उचलला. कडेची वाळू बोटाने सारखी केली. खूप वेळ लागला असं मला वाटलं, पण सहा सेकंदांच्या वर नसेल.

"बरं व्हयनं," तो म्हणाला. मान वर केली नाही. "भाऊ, जराखा बाजूले व्हय. उजेड अडस."

मी बाजूला झालो.